तेरा हजार खपरे, बावीस पत्रे, एक स्लॅब

छपराला सामान किती लागेल, हा प्रश्न विचारायला सोपा आणि उत्तराला फसवा. फरशी मोजायची तर खोलीच्या क्षेत्रफळाइतकी फरशी आणि वर थोडी तूट, एवढ्यावर काम भागते. छपराचे तसे नाही, कारण छपराचे सामान एकमेकांवर चढते. खालच्या कौलावर वरचे कौल येते, एका पत्र्याची कड शेजारच्या पत्र्याखाली जाते. पाणी आत येऊ नये म्हणून जेवढा भाग दुसऱ्याखाली दडवावा लागतो, त्याचे पैसे मोजावे लागतात, पण छप्पर झाल्यावर तो कुणाला दिसत नाही. मिस्त्री त्याला लॅप म्हणतात. अंदाज चुकतो तो बहुधा इथेच, आणि छपराच्या अंदाजाचा मागोवा घ्यायचा तर या लॅपच्याच मागे जावे लागते.

त्यासाठी एक घर डोळ्यांसमोर ठेवू. लांबी ३० फूट, रुंदी २० फूट, मध्ये आढे आणि दोन्हीकडे उतार असे साधे दुपाखी घर. ते बोरसीत आहे असे समजू. दुर्ग-भिलाई या जोडशहराच्या दुर्गकडच्या बाजूची ही वस्ती. शिवनाथ नदीच्या या टापूत छपराची सगळी घराणी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत एकामागोमाग आली, आणि कुठलेही घराणे पुरते गेले नाही. शिवाय १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात हा मुलूख होता. त्यामुळे छपराचे शब्द, मिस्त्री आणि सरकारी दरपत्रके यांची ये-जा विदर्भाशी जुनी आहे. विदर्भात ज्याला कवेलू म्हणतात, त्यालाच छत्तीसगडी माणूस खपरा म्हणतो.

अंदाजाची गणिती मुळे मात्र खपऱ्याहून फार मागे जातात. यज्ञवेदीसाठी विटा किती लागतील, हे शुल्बसूत्रांनी ठरवून दिले होते. पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराची श्येनचिती पाच थरांची, दर थराला २०० विटा, म्हणजे एकूण १०००. इथे आकडा आधी ठरलेला आणि विटेचा आकार त्यात बसवायचा, अशी उलटी रीत होती. घर बांधणाऱ्याच्या उपयोगाचा सुलट हिशेब भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. ११५० च्या सुमाराच्या या ग्रंथात चितिव्यवहार नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातले उदाहरण असे: वीट १८ अंगुळे लांब, १२ रुंद आणि ३ उंच, रास ८ हात लांब, ५ रुंद आणि ३ उंच, तर विटा किती आणि थर किती? राशीच्या घनफळाला विटेच्या घनफळाने भागायचे. एक हात म्हणजे २४ अंगुळे, तेव्हा उत्तर येते २५६० विटा आणि २४ थर. आजचा इंजिनिअर विटांचा अंदाज असाच काढतो. फक्त मध्ये चुन्या-सिमेंटच्या सांध्यांची जागा सोडतो.

त्याच ग्रंथातल्या क्षेत्रव्यवहारात भुज, कोटी आणि कर्ण यांचा नियम आहे, आणि छपराला तोच लागतो. आपल्या घराच्या चारही बाजूंना दोन-दोन फूट वळचण बाहेर काढली, की छपराचा तळ ३४ बाय २४ फूट होतो. आढ्यापासून वळचणीपर्यंतचे आडवे अंतर १२ फूट. दोन फुटांना एक फूट चढ द्यायचा म्हटला तर आढे ६ फूट उंच. १२ चा वर्ग आणि ६ चा वर्ग मिळून १८०, त्याचे मूळ १३.४ च्या थोडे वर. ही पाख्याची तिरपी लांबी. ३४ फुटांनी गुणून दुप्पट केली, की ९१२ चौरस फूट होतात. घर ६०० चौरस फुटांचे आणि छप्पर ९१२ चे! म्हणजे लॅप मोजायच्या आधीच वळचण आणि उतार यांनी दीडपट केली. जमिनीच्या मापावरून छपराचे सामान मागवणारा पहिली ठेच इथे खातो.

भाजलेले कौल आपल्याकडे सातवाहनांच्या काळापासून आहे. तेर, नेवासे आणि कोल्हापूरची ब्रह्मपुरी इथल्या उत्खननांत अशी कौले सापडली आहेत. त्यांतल्या काहींना खिळा मारायला भोकेही आहेत. पण खेड्यांतल्या घरांवर सर्रास चढला तो अर्धगोल देशी खपरा. तो कुंभाराच्या चाकावरचा. कुंभार चाकावर एक नळी ओढतो, एका टोकाला किंचित निमुळती. ओली असतानाच तिच्या अंगावर समोरासमोर दोन उभ्या चिरा देतो, पण आरपार नाही. नळी सुकली की हलका ठोका बसतो आणि तिचे दोन खपरे होतात. मग भाताचा कोंडा, पैरा म्हणजे पेंढा, शेणी रचून भट्टी लावायची. निमुळतेपणा हौसेचा नाही. एका खपऱ्याचे अरुंद टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात शिरावे, म्हणूनच तो घडताना ठेवलेला असतो. म्हणजे लॅपची सोय चाकावरच झालेली असते.

आता आपल्या घरावर खपरे चढवू. उताण्या खपऱ्यांची एक ओळ पाणी वाहून नेते, आणि दोन उताण्या ओळींच्या मधल्या फटीवर पालथ्या खपऱ्यांची ओळ येते. खपरा आठ इंच लांब धरला आणि निम्मा भाग पुढच्याखाली दडवला, तर उघडा राहतो चार इंच. ओळीपासून ओळ पाच इंचांवर. म्हणजे पाच बाय चार इंचांच्या प्रत्येक चौकोनात एक उताणा आणि एक पालथा असे दोन खपरे बसतात. शंभर चौरस फुटांना, म्हणजे आपल्या बांधकामाच्या भाषेत एका ब्रासला, १४४० खपरे झाले. आपल्या ९१२ चौरस फुटांना १३,००० हून अधिक. दरवर्षी फुटणारे निराळे.

एवढा मोठा आकडा कुणी कागदावर मांडत नसे. के ठन खपरा लागही, म्हणजे किती खपरे लागतील, असे छत्तीसगडी घरमालकाने विचारले, तर मिस्त्री हातभर जमिनीवर एक ओळ मांडून पाहणार, ओळी मोजणार आणि कोरीच्या, म्हणजे विसाच्या, हिशेबात सांगणार. तो आकडा थोडाफार चुकला तरी बिघडत नसे, कारण हे छप्पर कधीच पूर्ण झालेले नसायचे. पाऊस तोंडावर आला की खपरा फेरायचा, म्हणजे सगळा उतरवून, फुटका काढून, नवा मिसळून पुन्हा चढवायचा. कोकणात जी शाकारणी, तेच हे काम. माकडांनी उड्या मारल्या, गारा पडल्या, मांजर धावले, की खपरे सरकणार आणि फुटणार. म्हणून परसात भिंतीशी जादा खपऱ्यांची रास असायचीच. यंदाची चूक पुढच्या जेठात, म्हणजे ज्येष्ठात, दुरुस्त होत असे. अंदाज दरवर्षी नव्याने होत असल्याने तो अचूक असण्याची गरजच नव्हती. गावात कुंभार असण्याची मात्र होती.

घर आणि कुंभार यांचे हे नाते तोडणारे कौल फ्रान्समधल्या अल्सेसमधून आले. तिथल्या आल्टकिर्शच्या गिलार्डोनी बंधूंनी १८४१ मध्ये खाचा-कंगोऱ्यांनी एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाचे पेटंट घेतले. पुढे बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्टने १८६५ मध्ये मंगळूरला नेत्रावतीच्या काठी, जेप्पू इथे, या धर्तीच्या कौलांचा कारखाना काढला. माती नदीची, साचा यंत्राचा. समुद्रमार्गे ही कौले मुंबईला आणि कोकणच्या बंदरांत उतरू लागली, रेल्वेने आत शिरली आणि ‘मंगळुरी’ हे गावाचे नाव सबंध देशात कौलाच्या जातीचे नाव होऊन बसले. आमच्या भागात यालाच इंग्रजी कवेलू म्हणतात.

एखादे मंगळुरी कौल हातात घेऊन उलटे करावे. पाठीवर कारखान्याचे नाव उमटलेले असते. वरच्या कडेशी रिपेत अडकायला दोन बोंडे असतात. एका लांब कडेला खोबण आणि दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारा कंगोरा. शेजारचे कौल किती चढवायचे, हे आता मिस्त्रीने ठरवायचे उरलेले नाही. खोबण जिथे आहे तिथेच ते बसणार. लॅप साच्यात कोरून कारखान्यातूनच येतो, आणि म्हणून कौले किती लागतील हेही कारखान्यातूनच ठरून येते. साधारण ४१० बाय २३५ मिलिमीटरच्या कौलाचा ३२० बाय २१० इतका भाग उघडा राहतो. तीस टक्के दडतो. चौरस मीटरला १५ आणि ब्रासला १४० कौले. आपल्या घराला १२७७. पाच टक्के फुटतूट धरली तर १३४० च्या आसपास. आढ्यावरची कौले वेगळी. खपऱ्याच्या तुलनेत दहावा हिस्सा!

वजनातही मोठा फरक पडला. भारतीय मानकात मंगळुरी छप्पर रिपांसकट चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास धरतात. देशी कौलांच्या दुहेरी थराला जवळपास दुप्पट. वजन घटले तसे वासे पातळ झाले, पण एक नवी अट आली: सगळ्या रिपा एका मापाने आणि सुतात हव्यात. वाकड्या बांबूवर खपरा खपून जातो, मंगळुरी कौल खपत नाही. कौलाने अचूकपणा आणला तो सुतारालाही शिकावा लागला.

याच सुमारास हिशेब करणारा माणूसही बदलला. १८५४ मध्ये डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले, आणि त्याच वर्षी पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. आजच्या सीओईपीचे मूळ तेच. रुडकीला कॉलेज त्याआधीच, १८४७ पासून होते. या शाळांतून अंदाजपत्रक नावाचा कागद बाहेर पडला. त्यात कामाची बाब, लांबी, रुंदी, परिमाण आणि दर अशी घरे पाडलेली असतात. मग मोजमाप पुस्तक आले, दरसूची आली. स्वातंत्र्यानंतर बांधकामाच्या मोजमापाचे भारतीय मानक झाले, आयएस १२००, आणि त्याचा एक पूर्ण भाग छपराच्या आच्छादनाला दिलेला आहे. रीत अशी की छपराचे माप उताराच्या पातळीत घ्यायचे आणि जेवढे छप्पर दिसते तेवढेच धरायचे. एकमेकांखाली दडलेले भाग मोजायचे नाहीत. म्हणजे लॅपचे सामान कागदावरच्या परिमाणातून गेले आणि दरात जाऊन बसले. ठेकेदाराला हा लॅप ठाऊक असतो, सरकारी इंजिनिअरला ठाऊक असतो. फसतो तो स्वतःच्या घराला दरसूचीतले परिमाण जसेच्या तसे लावून दुकानात जाणारा. ९१२ चौरस फुटांचे छप्पर मोजले म्हणून ९१२ चौरस फूट पत्रा आणला, तर शेवटच्या पट्टीला आकाश उघडे!

पत्रा लंडनच्या गोदीतला. हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरने १८२९ मध्ये पन्हाळी लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा स्वतःच्या वजनाने लवतो, त्याला लाटा दिल्या की तोच ताठ उभा राहतो, एवढे साधे त्यातले मर्म. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने जस्ताच्या मुलाम्याचे पेटंट घेतले आणि गंजाचा प्रश्न बराचसा मिटला. जस्ती पत्रा मग जिथे जिथे रेल्वे, गोदाम, छावणी आणि गिरणी गेली तिथे तिथे पोचला.

भिलाईकरांना इथे एक गंमत लक्षात येईल. सोव्हिएत मदतीच्या करारावर १९५५ मध्ये सह्या झाल्या आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून भिलाईने देशाला रेल्वेचे रूळ दिले, जाड प्लेटा दिल्या, सळया दिल्या. छपराचा पातळ जस्ती पत्रा मात्र इथला नव्हे, तो राउरकेल्यासारख्या कारखान्यांचा. भिलाईचे पोलाद बोरसीच्या छपरावर चढले ते पुढे स्लॅबच्या पोटातून.

पत्र्याचा हिशेब आपल्या घराला लावू. पत्र्याला सांधे थोडे, पाणी अडकत नाही, म्हणून उतार कमी चालतो. पाच फुटांना एक फूट धरला तर पाखे १२ फूट ३ इंचांचे. आजचा रंगीत पत्रा साडेतीन फूट रुंद येतो आणि शेजारच्यावर चढून निव्वळ झाकतो सुमारे मीटरभर, म्हणजे ३.२८ फूट. ३४ ला ३.२८ ने भागले तर १०.४, अर्थात ११ पत्रे. दोन पाख्यांना २२. पाख्याइतकाच लांब पत्रा कापून मिळतो, त्यामुळे उभ्या लांबीत लॅपच नाही. दडलेला भाग आडवा, तोही सहा-सात टक्के. तेरा हजार नग आता बावीसवर आले. पण हलकेपणाची किंमत मोजावी लागली. चौरस मीटरला जेमतेम पाच किलोचे हे छप्पर स्वतःच्या भाराने जागेवर राहत नाही, वारा ते उचलतो. म्हणून अंदाजपत्रकात एक नवी ओळ आली: जे-हूक, वॉशर, स्क्रू. खपऱ्याच्या छपराला जे काम वजन फुकट करून देत होते, ते आता नगावर विकत घ्यावे लागले. ज्यांना ती ओळ परवडत नाही, त्यांच्या पत्र्यावर दगड आणि जुने टायर ठेवलेले दिसतात.

उताराच्या छपरांच्या या घराण्यापासून एक शाखा अलग राहिली, ती मातीच्या सपाट छपराची. मराठवाड्यातले माळवद आणि खानदेश-विदर्भातले धाबे ही पाऊस कमी असलेल्या मुलखातली घरे. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. इथेही डागडुजी वर्षाला होती, पण खपऱ्याच्या उलट. खपरा फेरताना फुटका निघून जातो. माळवद गळले की वर आणखी माती पडते. अंदाज कुणी काढत नाही, भर मात्र चढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचा हा पिढ्यान् पिढ्या साचलेला भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. छपराला किती सामान लागेल, याइतकेच किती चढून बसले आहे हे मोजणेही जिवाशी असते, हे महाराष्ट्राला तेव्हा कळले.

शेवटचे घराणे स्लॅबचे. भिलाईची टाउनशिप सेक्टर सेक्टरने उभी राहिली तशी सपाट काँक्रीटची छते या भागात नोकरदाराच्या घराची खूण झाली. सामान दाराशीच होते. सळई कारखान्याची, आणि झोतभट्टीतून निघणारा स्लॅग दळून त्याचे सिमेंट करणारा कारखाना जवळच, जामूलला. विदर्भातून पोलाद कारखान्यात नोकरीला आलेल्या मराठी घरांनी निवृत्तीनंतर दुर्ग-भिलाईतच प्लॉट घेतले, ते याच छताचे चित्र मनात धरून.

स्लॅबचा अंदाज क्षेत्रफळावरून घनफळावर जातो, थेट लीलावतीच्या राशीकडे. आपल्या घरावर फूटभर बाहेर काढून ३२ बाय २२ फुटांचा पाच इंची स्लॅब घातला, तर सुमारे २९३ घनफूट, म्हणजे ८.३ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला आठ पोती धरली तर सिमेंट ६६-६७ पोती. सळई घनफळाच्या एक टक्का धरली तर साडेसहाशे किलोच्या आसपास. आता हिशेब गल्लीतल्या कुणाच्याही तोंडी असतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर जागा आणि मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये ठरवून दिले, तेव्हापासून गावोगावच्या मिस्त्रींना हे गणित पाठ झाले. चार इंची स्लॅब, अडीच घनमीटर काँक्रीट, वीस पोती, दोन क्विंटल सळई. खपऱ्याचे घर उतरले की कुंभाराचे एक गिऱ्हाईक कायमचे कमी होते.

स्लॅबला लॅप नाही. एका दिवसात ओतला जातो आणि सगळा एकच तुकडा असतो. निम्म्याहून अधिक दडवणारा खपरा, तीस टक्के दडवणारे मंगळुरी कौल, सहा-सात टक्क्यांचा पत्रा आणि आता शून्य. दोन हजार वर्षांच्या प्रवासाचे हे टोक म्हणावे, तर गणित इथे संपायला हवे होते. पण लॅप म्हणजे सामानाची उधळपट्टी नव्हती. चुकीला आणि हालचालीला ठेवलेली जागा होती. खपरा उन्हात तापला, पावसात भिजला, थोडा सरकला, तरी खाली दुसरा असायचा. एकसंध स्लॅबला ती सवलत नाही. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांना भिडतो आणि जूनच्या मध्यावर त्याच तापल्या छतावर पहिला पाऊस पडतो. फुगणे-आकसणे चालूच राहते. कधी उतार नीट काढलेला नसतो, कधी कोबा फुगतो, आणि एक केसाएवढी भेग पुरते. खपऱ्याच्या घरात गळती झाली तर एक खपरा सरकवायचा. स्लॅबच्या घरात पाणी आत एका ठिकाणी दिसते आणि वर भलत्याच ठिकाणी शिरलेले असते. शिवाय दर जेठात दुरुस्त होणारा अंदाज आता एकदाच करायचा, आणि तो चुकला तर तीस-चाळीस वर्षे भोगायचा.

यावर लोकांनी काढलेला तोडगा दुर्गपासून नागपूर-पुण्यापर्यंत कुठल्याही जुन्या कॉलनीत दिसतो. गच्चीवर लोखंडी खांब, वर कैच्या, त्यावर रंगीत पत्रा. सावली होते, कपडे वाळतात, पापड-कुरडया निघतात, खालची खोली थोडी थंड राहते आणि मुख्य म्हणजे स्लॅबवर पाऊसच पडत नाही. आपल्या घराला यासाठी पुन्हा वीस-बावीस पत्रे लागतील. कर्ण काढावा लागेल, हुकांची ओळ लिहावी लागेल. अंदाजपत्रकात शून्यावर आणलेला लॅप असा एका अख्ख्या छपराच्या बिलात परत येतो, म्हणून नवे घर बांधणाऱ्याने स्लॅबच्या खर्चाखाली ही रक्कमही पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.